टोपी उतरवायची नाही

बाबा घोड्यावरून पडले तेव्हा मी नववीत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. काशीगावच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, भाड्याने घेतलेल्या शेतजमिनीवर एक रायडिंग क्लब होता आणि बाबा तिथे सईस होते. सईस म्हणजे घोड्याचं सगळं करणारा माणूस. खरारा, पाणी, वैरण, लीद काढणं आणि रोज सकाळी घोडा फिरवून आणणं. त्या सकाळी घोड्यावर बसून रस्ता ओलांडताना काशीमीऱ्याच्या बाजूने आलेल्या ट्रकचा टायर फुटला. घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि बाबा मागच्या मागे डांबरावर पडले, डोक्यावर. डोक्याला लाल रुमाल बांधलेला होता. रुमालाने काय होतंय?

तीन दिवस त्यांनी मला ओळखलं नाही. आईला ते वैनी म्हणत होते. चौथ्या दिवशी सकाळी डोळे उघडून म्हणाले, "बाय, शाळा नाय काय गो आज?" तोवर न रडलेली आई तेव्हा रडली.

पुढचे चार महिने वाईट गेले. आमची खोली तबेल्याच्या टोकाला, पत्र्याची. मालक शहरात राहायचे, भले होते, त्यांनी खोली सोडायला लावली नाही. पण पगार काम केलं तरच. आई काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला जायला लागली. तिच्या बोटांना कायम खळ असायची, भाकरी थापली तरी वास यायचा. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, बरोबर सुकट असली तर सण. गावाला रत्नागिरीला परत जाऊ, असं आई एकदाच म्हणाली. बाबा म्हणाले, "गावात घोडा कुठाय? मला दुसरं काय येतंय?" विषय संपला.

डोकं बरं झालं, पण नाक गेलं. पुढे आयुष्यभर बाबांना वास आला नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं. पण सईसाला नाक लागतं. गवताला बुरशी धरली असेल तर डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळते. आणि तसलं गवत खाल्लं की घोड्याचं पोट धरतं, घोडा मरतोसुद्धा. म्हणून मग बाबांचं नाक मी झाले. शाळेत जाण्याआधी प्रत्येक गठडीत नाक खुपसून सांगायचं, "ही चांगली, ही नको." वर्गात बाकावरची मुलगी म्हणायची, "तुझ्या केसांत गवत आहे." असायचंच.

इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्यांच्या डोक्याला पुन्हा असा मार बसता कामा नये. बसला तर माझ्या हातात काही नाही." आईने ते मला सांगितलं. बाबांना सांगायची गरज नव्हती, त्यांना माहीत होतं. आणि चार महिन्यांनी बाबा पुन्हा घोड्यावर बसले. डोक्याला तोच लाल रुमाल.

आता कोणीही विचारेल, की क्लब होता, तर हेल्मेटं नव्हती का? होती. खोगीरखान्यात खुंटीला ओळीने टांगलेली, काळ्या मखमलीची. आम्ही त्यांना टोप्याच म्हणायचो. पण त्या होत्या रविवारी मोटारीने येणाऱ्या मेंबरांच्या मुलांसाठी आणि शिकाऊ पोरांसाठी. आमच्या तबेल्याची एक रीत होती. क्लबचे उस्ताद, म्हणजे घोडेस्वारी शिकवणारे, म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, ताठ. नवीन माणूस शिकायला लागला की उस्ताद त्याला टोपी द्यायचे. वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, तो तयार झाला असं त्यांना वाटलं की दसऱ्याला, घोड्यांची पूजा झाल्यावर, सगळ्यांसमोर ते स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावरची टोपी उतरवायचे आणि लाल रुमाल बांधायचे. "टोपी उतरली" म्हणजे माणूस पास झाला. त्यानंतर जो टोपी घालेल तो पुन्हा शिकाऊ. बाबांची टोपी उतरली त्याला वीस वर्षं झाली होती. त्यांनी पुन्हा टोपी घालणं म्हणजे पदवीधर माणसाने बालवाडीत जाऊन बसणं.

मी बोलून बघितलं. आईने जेवण वाढताना बोलून बघितलं. बाबा म्हणायचे, "पडलो तो टायरमुळे. मला बसता येत नव्हतं म्हणून नाय."

"अहो, डांबराला कुठे कळतंय तुम्ही कशामुळे पडलात ते?" आई म्हणाली. हे बोलणं मला इतकं आवडलं होतं की मी ते वहीत लिहून ठेवलं.

दहावीच्या सुट्टीत मीही घोड्यावर बसायला लागले. बाबांच्या जुन्या पँटला नाडी घालून, उजाडता उजाडता, मेंबर नसताना. आईचा विरोध होता. "नवरा घोड्यावरून येतो, नवरी नाय," ती म्हणायची. पण उस्तादांनी मला एकदा मिठागराच्या बांधावरून घोडी दौडवताना बघितलं आणि म्हणाले, "कल से मेरे पास सीखेगी." झालं! मी कॉलेजला लागले तरी सकाळचे दोन तास उस्तादांचे. कॉमर्सची पुस्तकं वैरणीच्या खोलीत, मी मैदानात. डोक्यावर शिकाऊची मखमली टोपी, जिचा इलॅस्टिकचा पट्टा हनुवटीखाली तीनदा गाठ मारून बसवलेला. पहिली उडी मारली तो दिवस अजून अंगात आहे. जमिनीपासून जेमतेम दोन हात उंच दांडी, पण घोडी उचलली जाते तेव्हा पोटात जो खड्डा पडतो ना, त्याला तोड नाही. मी ओरडले होते. उस्ताद म्हणाले, "चिल्लाना बंद, एडी नीचे."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मालकांनी परदेशातून सहा नवीन हेल्मेटं आणली. दिवाळीच्या सुट्टीत घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या एका मैदानात उड्यांच्या स्पर्धा होणार होत्या. दोन-तीन क्लब मिळून करणार होते आणि त्यांचा नियमच होता, की पक्कं हेल्मेट नाही तर घोडा मैदानात नाही. शेवटी एक फेरी फक्त सईसांची होती, त्यालाही हाच नियम. ही सहा हेल्मेटं आमच्या मखमली टोप्यांसारखी नव्हती. वरून कडक कवच, आत थर्माकोलसारखा जाड थर, आणि पट्टा हनुवटीखालून आणि मानेमागून असा दोन्हीकडून धरणारा. चार मेंबरांच्या मुलांना गेली, एक उस्तादांना दिलं, ते त्यांनी खोकं न उघडता पेटीवर ठेवून दिलं. एक उरलं, सईसांच्या फेरीसाठी.

बाबांनी आपलं नाव सईसांच्या फेरीत द्यायचं नाही असं ठरवलं. का, ते सगळ्यांना माहीत होतं. तबेल्यातली सगळ्यात चांगली उडी मारणारी कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीची तांबूस घोडी, बाबांच्याच हातची होती, दुसऱ्या कोणाला पाठीवर टिकू देत नव्हती. पण टोपी घालून? नाव नको.

आणि रोज सकाळी तीच कुमैत ते रुमालावर फिरवत होते. ट्रक आधीपेक्षा जास्त झाले होते. मी खोलीच्या दारात उभी राहून हायवेकडून परत येणाऱ्या टापा मोजायची. चार टापा नीट वाजल्या की मगच कॉलेजची तयारी.

दसरा आला. घोड्यांना आंघोळी, आयाळीत झेंडू, कपाळाला कुंकू. खोगिरं, लगाम, रिकिबी सगळं मांडून पूजा झाली. सगळे सईस, त्यांच्या बायका, काशीगावातले दोन-चार शेजारी जमलेले. उस्ताद उभे राहिले आणि म्हणाले, "आज इस लडकी की टोपी उतरेगी."

माझ्या कानात घोडेच पळायला लागले. त्या तबेल्यात आजवर एकाही बाईची टोपी उतरली नव्हती. खोटं कशाला सांगू, कॉलेजच्या निकालापेक्षा मी त्या दिवसाची जास्त वाट बघितली होती. मी पुढे गेले, मान वाकवली. उस्तादांचा हात हनुवटीखाली पट्ट्याशी आला. समोर बाबा उभे होते, छाती काढून, डोळ्यांत पाणी. रुमालाच्या खालून ती जुनी खोक दिसत होती.

मी पट्टा धरून ठेवला.

"उस्ताद, राहू दे."

"क्या राहू दे?"

"माझी टोपी उतरवू नका. आणि ती नवी उरलीय ना, ती बाबांना घाला."

मग हशा पिकला. एक सईस म्हणाला, "मग आम्हालाबी झबलं-टोपडं शिवा की! पाळण्यात घाला!" दुसरा म्हणाला, "कॉलेजात हेच शिकवतात काय?" बाबा लालबुंद झाले. "बाय, घरी चल. चल घरी!"

उस्तादांनी हात मागे घेतला. "माझ्या हातचा सईस हा. बीस साल से ऊपर हो गए, मैंने उतारी इसकी टोपी. तू परत घालायला सांगतेस?"

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही तीन दिवस आईला वैनी म्हणत होतात. मला विचारत होतात, तू कोणाची गो? मी काय सांगायचं होतं?"

हसणं थांबलं. बाबांनी खाली बघितलं. तेव्हा आमच्या तबेल्यातले काशीगावचे काका पुढे आले. हे आगरी, इथलेच, घोड्यांना नाल मारायला मदत करायचे, आणि आमच्या अख्ख्या वस्तीत नारळ लढवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नारळी पौर्णिमेला ह्या गावांत नारळ लढवतात. एकाने हातात नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका मारायचा. ज्याचा फुटला तो हरला. न फुटलेला नारळ जपून ठेवायचा आणि पुढच्या डावाला त्यालाच काढायचं. तो जितलेला नारळ. त्याला मान.

काका म्हणाले, "भांडतंव कशाला? डोकं काय नि नारल काय, एकच हाय. करवंटी नि आत पानी. टाकून बघूया. टोपीत घालून नि टोपीबिगर."

"आणि टोपी फुटली तर?" कोणीतरी विचारलं. "परदेशी आहे."

उस्ताद माझ्याकडे बघत म्हणाले, "फुटने दो. मालिक को मैं देखता हूं. इसकी भी तसल्ली होने दो."

काका घरी पळत गेले आणि कापडात गुंडाळलेला आपला नारळ घेऊन आले. त्या वर्षीचा विजेता. "आठ फोडलेत ह्याने," म्हणाले, "हा टोपीबिगर जाईल. न्हाय फुटायचा." तबेल्यामागे विटांच्या चौथऱ्यावर पाण्याची टाकी होती, घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं असतं साधारण तेवढी उंच. खाली धुणं धुवायचा काळा दगड. काका शिडीने वर चढले. सगळे गोल करून उभे. बायकांनी पोरांना मागे ओढलं.

काकांनी हात सोडला. खाड्! आठ नारळ फोडलेला तो पठ्ठ्या, दोन भकलं होऊन दगडाच्या दोन बाजूंना.

काका वरूनच म्हणाले, "अरं तिच्या!" आणि बाबांचा हात आपोआप आपल्या डोक्याकडे गेला. मी बघितलं ते.

मग पूजेतला एक साधा नारळ घेतला. पातळ करवंटीचा, हलवला तर पाणी खळखळ वाजणारा. तो गमछ्यात गुंडाळून नव्या हेल्मेटात घट्ट बसवला, पट्टा आवळला. काकांनी सोडला. धप्प! असा बसका आवाज आला. मी पट्टा सोडून नारळ वर काढला, हलवला. खळखळ. आख्खा!

"परत!" सईसच ओरडले. परत टाकला. आख्खा. "आता उलटा टाक, कपाळावर!" तसा टाकला. आख्खा! पोरं नाचायला लागली, कोणीतरी ताशा बडवल्यासारखी बादली बडवली. झबल्या-टोपड्याचा विनोद करणारा सईस हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "साला, ओरखडा पण नाय." वरून खरंच एक बारीक ओरखडा सोडला तर काही नव्हतं.

काका खाली उतरले, हेल्मेट घेतलं, पूजेच्या ताटातलं कुंकू त्याला लावलं आणि बाबांपुढे धरलं. "हा जितला. जितलेला घालायला कसली लाज रे?"

बाबांनी ते हातात घेतलं. कुंकवाच्या कडेने अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हीच देणार असाल तर घालतो. दुसरी नको. जितलेली आहे."

उस्तादांनी तोंड फिरवलं. माझी टोपी त्यांनी उतरवली नाही, रुमालही बांधला नाही. चालेल, म्हटलं मी. बाबांनी त्याच दुपारी सईसांच्या फेरीत नाव दिलं. आईने त्या दिवशी गोडाचं दोनदा वाढलं.

दोन आठवडे बाबा रोज कुंकवाचा टिळा लावलेलं हेल्मेट घालून कुमैत फिरवत होते आणि दोन आठवडे मी टापा मोजल्या नाहीत. इतकी निर्धास्त मी कधी झोपले नव्हते. मैदानात बाबा आणि कुमैत अशा उड्या मारत होते की बाकीचे सईस खरारे टाकून बघायला यायचे.

स्पर्धेच्या दिवशी घोडे पहाटेच चालत गेले. आई आणि मी नंतर जाणार होतो. आई डबा भरत होती. हेल्मेटाचं रिकामं खोकं तिने कांदे-बटाटे ठेवायला घेतलं होतं. तळाचा कागद काढून मला म्हणाली, "हा फेकू काय गो? सगळं इंग्लिश आहे."

छापील कागद दिसला की वाचायचा, ही माझी सवय. भजीचा कागद असला तरी. मी वाचायला लागले. पट्टा कसा बांधावा, चित्र. साफ कसं करावं, चित्र. आणि खाली काळ्या चौकटीत दोन ओळी. एक शब्द अडला, डिक्शनरी काढली. अर्थ लागला आणि मी त्या दोन ओळी परत पहिल्यापासून वाचल्या. लिहिलं होतं, की एकदा जोराचा मार बसला की हे हेल्मेट पुन्हा वापरू नये. बाहेरून काही दिसत नसलं तरी आतला थर दबून निकामी होतो. तो एकदाच मार खातो.

एकदाच. आणि आम्ही तीनदा आपटलं होतं. कवच चांगलं दिसलं म्हणून त्यालाच कुंकू लावलं, आणि तेच, नेमकं तेच, निवडून बाबांच्या डोक्यावर बसवलं. नारळाचा न्याय टोपीला लावला. आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या कोणी वाजवल्या? कॉलेजात जाणाऱ्या मी.

"काय झालं गो?" आई विचारत होती. मी कागद मुठीत घेऊन बाहेर. अनवाणी होते हे हायवेला आल्यावर कळलं. रिक्षा मिळाली. "भैया, जल्दी, घोडबंदर रोड, ग्राउंड!" नाक्यावर ट्रक एकामागे एक अडकलेले. दोन मिनिटं बसले, मग उतरले. "अरे मॅडम, पैसा!" "वापस आके देती हूं!" आणि पळत सुटले. ट्रकांच्या मधून, गॅरेजांच्या पुढून, पायाला खडी टोचतेय, क्लीनर शिट्ट्या मारतायत, मारू देत. लाऊडस्पीकरचा आवाज लांबून यायला लागला. सईसांची फेरी सुरू झाली होती.

मी दोरीखालून आत शिरले. बाबा कुमैतवर बसलेले, कुंकवाचं हेल्मेट डोक्यावर, पुढे एकच घोडा बाकी. मी ओरडले, "बाबा! टोपी काढा! उतरवा ती टोपी!"

सगळे वळले. आमच्या एका सईसाने कपाळावर हात मारला. "अगं, दसऱ्याला घाला म्हणून जीव काढलास, आता काढा म्हणतेस?"

उस्ताद आले. "लडकी पागल हो गई क्या? पहले पहनो, अब उतारो!"

बाबांनी गोंधळून हेल्मेट काढलं होतं. मी बाबांच्या हातून हेल्मेट ओढून घेतलं, आतलं कापड उचकटलं आणि थरावर अंगठा दाबला. अंगठा सहज आत गेला. कपाळाच्या बाजूला केसाएवढी काळी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती उस्तादांसमोर धरली. मग कागद वाचला, मराठीत सांगितला, त्यांच्यासाठी परत हिंदीत.

काशीगावचे काका घोडीचा लगाम धरून उभे होते. म्हणाले, "म्हंजे जितला तो मेला?"

"हो काका. त्याने सगळा मार स्वतः खाल्ला. आता त्याच्यात काही उरलं नाही."

"नि आमी त्याला कुकू लावलं!"

लाऊडस्पीकरवर बाबांचा नंबर पुकारला. नियम माहीत होता, हेल्मेट नाही तर घोडा नाही. मेंबरांच्या मुलांची बक्षिसं आधीच झाली होती, ती मोटारीत बसून निघून गेली होती, हेल्मेटांसकट. दुसऱ्या क्लबच्या सईसाने आपलं पुढे केलं, ते बाबांच्या डोक्यात शिरेना. बाबा रिकिबीतून पाय काढत म्हणाले, "जाऊ दे. नायतर असंच रुमालावर जातो, सोडतायत का विचार."

"रुमालावर नाही जायचं," मी म्हटलं. "बाबा, खाली उतरा. हरलात तरी चालेल."

बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. रक्त येत होतं. ते खरंच उतरायला लागले. ती घोडी, तो दिवस, सगळं सोडून ते उतरायला लागले होते, हे मला अजून आठवतं.

"रुक," उस्ताद म्हणाले.

ते ताठ चालत आपल्या सामानाच्या टेम्पोकडे गेले आणि खोकं घेऊन आले. त्यांचं स्वतःचं. मालकांनी म्हटलं होतं म्हणून नुसतं बरोबर आणलेलं, चिकटपट्टीही न काढलेली. त्यांनी ती दातांनी फाडली. नवीन हेल्मेट काढलं, आत अंगठा दाबून बघितला, मी दाबला तसाच. आणि बाबांना म्हणाले, "झुक."

बाबांनी घोडीवरूनच मान वाकवली. उस्तादांनी टोपी घातली, पट्टा मानेमागून नीट ओढला, हनुवटीखाली चाप लावला, एक बोट आत जातंय का ते तपासलं. आख्खी जिंदगी टोप्या उतरवलेला तो माणूस, हात जरा चाचपडत होते. मग घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "जा. एडी नीचे."

घंटा वाजली. कुमैत निघाली ती बाणासारखी! पहिली दांडी, दुसरी, वाटेत कुठेच दम न खाता. तिसरीला हायवेवर कोणीतरी प्रेशर हॉर्न मारला, घोडी बाजूला सरकली, बाबांचा एक पाय रिकिबीतून सुटला. आई तेवढ्यात डबा घेऊन पोचली होती, तिने डबाच खाली टाकला. पण बाबांनी गुडघे आवळले, घोडीला परत रेषेत आणलं आणि तिसरी पार! चौथी पार! पाचव्या उडीला मागचा खूर लागून दांडी पडली, सहावी अशी मारली की घोडी नुसती तरंगली. सईस ओरडत होते, मी ओरडत होते, उस्ताद ओरडत होते. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

लोक विचारतात, मग पडले का बाबा? नाही पडले. त्या दिवशीही नाही आणि पुढे कधी डोक्यावर नाही. तिसरा नंबर आला, एक पडलेली दांडी नडली.

सोमवारी उस्तादांनी मला खोगीरखान्यात बोलावलं, खडू दिला आणि म्हणाले, "वो कागज लिख. सब के समझ में आए ऐसा." मी दारावर मराठीत आणि हिंदीत लिहिलं: हेल्मेटशिवाय कोणीही घोड्यावर बसायचं नाही, कितीही जुना असला तरी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नाही. पट्टा कापून टाकायचा, म्हणजे चुकून कोणी घेणार नाही. कुंकवाच्या हेल्मेटाचा पट्टा काकांनी स्वतः कोयत्याने कापला. नंतर मालकांनी पत्र्यावर रंगाने तेच लिहून घेतलं आणि सईसांसाठी वेगळी हेल्मेटं आणली.

नव्वदचं दशक संपता संपता तिथे इमारती यायला लागल्या आणि तो क्लब उठला. तोवर त्या तबेल्यात हेल्मेटशिवाय एकही सईस घोड्यावर बसला नाही. बाबा शेवटच्या दिवसापर्यंत घोडे फिरवत होते, डोकं शाबूत होतं. आणि मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.